प्रकाशाच्या तराजूत पॅरासिटामॉल

ताप, डोकेदुखी, दाढदुखी, अंग मोडून येणे, यांपैकी काहीही झाले तरी बहुतेक घरांत प्रथम हाती येते ती पॅरासिटामॉलची गोळी. आरोग्य उपकेंद्राच्या कपाटात, आशा कार्यकर्तीच्या पिशवीत आणि गावातील औषधांच्या दुकानात ती हमखास सापडते. तिच्या वेष्टनावर ‘५०० मिलिग्रॅम’ असा आकडा छापलेला असतो. हा आकडा खरा आहे किंवा नाही, हे गोळी देणाऱ्या परिचारिकेला सांगता येत नाही आणि घेणाऱ्या रुग्णाला तर मुळीच नाही. खडूच्या भुकटीची गोळीही तितकीच पांढरी आणि तितकीच गुळगुळीत करता येते.

ही शंका केवळ तर्कापुरती नाही. गोळीत औषध कमी असले तर ताप पुरेसा उतरत नाही, रुग्ण दुखणेच जबर आहे असे समजतो आणि एकावर दुसरी गोळी घेतो. उलटपक्षी, औषध प्रमाणापेक्षा अधिक असले तर तेही निरुपद्रवी नाही. प्रौढ माणसासाठी पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या एवढी मानली जाते. त्यापलीकडे यकृताला गंभीर इजा होण्याचा धोका संभवतो. तेव्हा वेष्टनावरचा आकडा हे एका परीने उत्पादकाने रुग्णाला दिलेले वचनच होय. ते पाळले गेले किंवा कसे, याची पडताळणी कोण करतो आणि कोणत्या उपायांनी, हे समजून घेण्यासारखे आहे.

जुने औषध, नवी ओळख

पॅरासिटामॉल हा पदार्थ हार्मन मोर्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १८७७ च्या सुमारास प्रथम तयार केला. पुढे १८९३ मध्ये जर्मनीत फॉन मेरिंग यांनी त्याचा रुग्णांवर वापर केला, तथापि त्या काळी या औषधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९४८ मध्ये ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड या संशोधकांनी असे दाखवून दिले की, तापावर दिल्या जाणाऱ्या ॲसिटॅनिलाइड या जुन्या औषधाचे शरीरात पॅरासिटामॉलमध्येच रूपांतर होते आणि त्याचा गुण या रूपांतरामुळे येतो. त्यानंतर १९५० च्या दशकात ते अमेरिकेत व इंग्लंडमध्ये विक्रीस आले आणि पाहता पाहता जगभर पसरले.

दुकानापासून प्रयोगशाळेपर्यंत

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये औषध निरीक्षकाला विक्रीच्या वा उत्पादनाच्या ठिकाणाहून नमुना घेण्याचा अधिकार आहे. हा नमुना फुकट उचलायचा नसतो. त्याची रास्त किंमत देऊ करावी लागते. नमुना कशासाठी घेतला, हे संबंधिताला विहित नमुन्यात लेखी कळवावे लागते. नंतर त्याच्यासमक्ष नमुन्याचे चार भाग करून ते मोहोरबंद केले जातात आणि त्यांवर स्वतःची मोहोर लावण्याची मुभा विक्रेत्यालाही असते. एक भाग विक्रेत्याकडेच राहतो, एक शासकीय विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठी राखून ठेवला जातो आणि उत्पादकाचे नाव उघड झाले असल्यास एक त्याच्याकडे पाठविला जातो. हे चार भाग म्हणजे कागदी सोपस्कार आहेत, असे एखाद्याला वाटेल. परंतु उद्या विश्लेषकाच्या निष्कर्षाला आव्हान दिले गेले, तर फेरतपासणी करण्यासाठी न उघडलेला, दोन्ही पक्षांनी मोहोर पाहिलेला भाग हाती असावा लागतो. तो नसेल तर प्रयोगशाळेतील सर्वांत अचूक यंत्रही निरुपयोगी ठरते.

महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील प्रयोगशाळांत हे नमुने तपासले जातात. तपासणीचा निकष विश्लेषक स्वतः ठरवीत नाही. तो भारतीय औषधकोशात, म्हणजेच इंडियन फार्माकोपियात, लिहिलेला असतो. या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली असून सध्या गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोग त्याचे काम पाहतो. पॅरासिटामॉलच्या गोळ्यांबाबत औषधकोशाचा दंडक असा की, छापील प्रमाणाच्या ९५ टक्क्यांहून कमी आणि १०५ टक्क्यांहून अधिक औषध गोळीत नसावे. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत किमान ४७५ आणि कमाल ५२५ मिलिग्रॅम.

वीस गोळ्या, एक खल

औषधकोशात या गोळ्यांसाठी दीर्घकाळ दिलेली पद्धत प्रकाशाच्या शोषणावर आधारलेली आहे. तिची सुरुवात मात्र अगदी साध्या कृतीने होते. वीस गोळ्या घेऊन त्यांचे वजन केले जाते आणि त्या खलात बारीक कुटल्या जातात. एकच गोळी का नाही? कारण एखादी गोळी यंत्रातून किंचित जड वा हलकी निघू शकते आणि एका गोळीवरून साऱ्या उत्पादनाचा न्याय करणे योग्य नव्हे.

अर्थात सरासरीचाही एक धोका असतो, तो शिक्षकांना वेगळा सांगावयास नको. वर्गाची सरासरी पन्नास गुण आली म्हणून प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण झाला असे होत नाही. त्यामुळे वीस गोळ्यांचे वजन एकेक करून वेगळेही तपासले जाते. २५० मिलिग्रॅम वा अधिक वजनाच्या गोळ्यांत, वीसपैकी दोहोंपेक्षा अधिक गोळ्या सरासरीपासून ५ टक्क्यांहून दूर असता कामा नयेत आणि १० टक्क्यांहून दूर तर एकही नको.

गोळीचे वजन आणि गोळीतील औषध या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही येथेच स्पष्ट करावयास हवे. ५०० मिलिग्रॅम औषधाच्या गोळीचे एकूण वजन त्याहून अधिक भरते, कारण तीत स्टार्च, टाल्क, मॅग्नेशियम स्टिअरेट यांसारखी पूरक द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे भुकटी एकत्र बांधली जाते, साच्याला चिकटत नाही आणि पोटात गेल्यावर गोळी फुटते. त्यामुळे नुसत्या तराजूने औषध मोजता येत नाही. पूरक द्रव्यांच्या गर्दीतून फक्त औषध ओळखील, असे दुसरे माप हवे. ते माप म्हणजे प्रकाश.

कुटलेल्या भुकटीपैकी सुमारे ०.१५ ग्रॅम पॅरासिटामॉल असेल एवढा भाग अचूक तोलून घेतात. तो सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाच्या ५० मिलिलिटरमध्ये टाकून त्यात १०० मिलिलिटर पाणी मिळवितात. पंधरा मिनिटे हलवून, मापी चंबूत पाणी घालून एकूण आकारमान बरोबर २०० मिलिलिटर करतात. औषध विरघळते, टाल्कसारखी न विरघळणारी द्रव्ये गाळणकागदावर राहतात. गाळून मिळालेल्या द्रावणातील १० मिलिलिटर घेऊन त्याचे १०० करावयाचे, त्यातील पुन्हा १० घेऊन, थोडे अल्कली मिसळून, पुन्हा १०० करावयाचे. शेवटी हाती येणाऱ्या द्रावणाच्या एका लिटरमध्ये अवघे साडेसात मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, एक गोळी सुमारे ६७ लिटर पाण्यात, म्हणजे चार-साडेचार हंडे पाण्यात, विरघळविल्यासारखे.

विश्लेषकाच्या हाताची कसोटी याच टप्प्यात लागते. शोषनळीतून १० मिलिलिटर घेताना एक थेंब कमी-अधिक झाला, तर साधारण अर्ध्या टक्क्याची चूक होते. दोन्ही वेळा एकाच दिशेने चूक झाली तर एक टक्का. ज्या गोळीत ९५.५ टक्के औषध आहे ती या एका टक्क्याने नापास ठरू शकते, किंवा ९४.५ टक्क्यांची गोळी उत्तीर्ण होऊ शकते. यंत्र कितीही महागडे असले तरी हा थेंब त्याला दिसत नाही.

अदृश्य रंग

पूर्वी पटकीच्या साथीत विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकीत, ते पाणी ज्यांनी पाहिले असेल त्यांना पुढील तत्त्व सहज उमगेल. पुडी लहान असली तर पाणी फिकट गुलाबी दिसते, मोठी असली तर गर्द जांभळे. रंग गडद होतो याचा अर्थ प्रकाशाचा अधिक भाग पाणी गिळून टाकते आणि कमी भाग डोळ्यांपर्यंत येतो. उलट दिशेने विचार केला, तर किती प्रकाश गिळला गेला यावरून पुडी केवढी होती, हे काढता आले पाहिजे.

पिएर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ मध्ये आणि योहान लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये प्रकाशाच्या या क्षयाचा नियम मांडला. समान जाडीचा प्रत्येक थर आपल्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाचा समान अंश शोषतो. पहिल्या थराने शंभरातून पन्नास सोडले, तर दुसरा पन्नासातून पंचवीस सोडील. उरलेले सारे शोषणार नाही. १८५२ मध्ये ऑगस्ट बेअर यांनी द्रावणातील पदार्थाच्या प्रमाणालाही हाच हिशेब लागू पडतो, हे दाखविले. थराची जाडी दुप्पट करणे आणि द्रावणातील पदार्थ दुप्पट करणे यांचा परिणाम सारखाच होतो. या गुणाकाराच्या क्षयाचे साध्या बेरजेत रूपांतर करण्यासाठी लॉगरिथमचा उपयोग करतात. त्यातून मिळणाऱ्या आकड्यास शोषणांक म्हणतात. दहावा हिस्सा प्रकाश पार झाला तर शोषणांक १, शंभरावा हिस्सा पार झाला तर २. सोय अशी की, पदार्थ दुप्पट झाला की शोषणांकही दुप्पट होतो.

पण पॅरासिटामॉलचे द्रावण तर पाण्यासारखे नितळ असते, त्याला रंग कोठला? रंग आहे, मात्र आपल्या डोळ्यांना न दिसणारा. मानवी डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाहू शकतो. त्याहून आखूड तरंगलांबीच्या जंबुपार, म्हणजे अतिनील, किरणांत पॅरासिटामॉल ‘गडद’ असते. नुसत्या पाण्यात त्याचे सर्वाधिक शोषण २४३ नॅनोमीटरच्या आसपास होते. अल्कली मिसळली की त्याच्या रेणूतील एक हायड्रोजन सुटतो, रेणूवर ऋण प्रभार येतो आणि शोषणाचे शिखर २५७ नॅनोमीटरवर सरकते. सोडियम हायड्रॉक्साइड घालण्याचे प्रयोजन हेच. सर्व रेणू एकाच रूपात आले, म्हणजे मोजमापात संदिग्धता उरत नाही.

हे मोजणारे यंत्र स्पेक्ट्रोफोटोमीटर या नावाने ओळखले जाते. जंबुपार किरणांसाठी त्यात ड्यूटेरियमचा दिवा असतो. दिव्याच्या प्रकाशातून हवी तेवढीच तरंगलांबी निवडून ती एक सेंटिमीटर रुंदीच्या लहानशा कुपीतून पाठवितात. कुपी क्वार्ट्झची असावी लागते, कारण साधी काच हे किरण स्वतःच अडविते. आधी औषधाविना केवळ द्रावक ठेवून यंत्राचा शून्य ठरवितात, मग नमुना ठेवतात. अमेरिकेत अर्नोल्ड बेकमन यांच्या कंपनीने १९४१ मध्ये असे यंत्र बाजारात आणले आणि ज्या मोजमापाला पूर्वी तासन्‌तास लागत, ते काही मिनिटांवर आले. यंत्र खरे बोलते किंवा नाही, हेही अधूनमधून तपासावे लागते. त्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेटचे ठरावीक द्रावण वापरतात आणि ज्या तरंगलांबींवर ही पडताळणी होते, त्यांत योगायोगाने २५७ नॅनोमीटरही आहे.

आकड्यांचा हिशेब

पॅरासिटामॉलच्या या रूपासाठी औषधकोशाने ७१५ हा आकडा निश्चित केला आहे. १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम औषध असते, तर एक सेंटिमीटर जाडीत २५७ नॅनोमीटरला शोषणांक ७१५ आला असता. एवढ्या दाट द्रावणातून प्रकाशाचा एक किरणही बाहेर येणार नाही, म्हणूनच ते दोनदा पातळ करावयाचे. आदर्श गोळीच्या अंतिम द्रावणात १०० मिलिलिटरमागे ०.०००७५ ग्रॅम औषध असते. त्याला ७१५ ने गुणले की शोषणांक सुमारे ०.५३६ येतो. म्हणजे शंभरातील सुमारे २९ भाग प्रकाश पार होतो. यंत्र विश्वासाने वाचू शकेल असा हा टापू आहे.

समजा, एका गोळीचे सरासरी वजन ५६० मिलिग्रॅम भरले. ०.१५ ग्रॅम औषधासाठी १६८ मिलिग्रॅम भुकटी घेतली आणि यंत्राने ०.५२५ हा शोषणांक दाखविला. ०.५२५ ला ७१५ ने भागले की अंतिम द्रावणातील औषध मिळते. दोन वेळा दहापट पातळ केल्याबद्दल त्यास १०० ने आणि २०० मिलिलिटरच्या चंबूबद्दल २ ने गुणावयाचे. उत्तर येते सुमारे १४६.९ मिलिग्रॅम. एवढे औषध १६८ मिलिग्रॅम भुकटीत आहे; तर ५६० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ४८९.५ मिलिग्रॅम, अर्थात ९७.९ टक्के. गोळी उत्तीर्ण. याच रीतीने दुसऱ्या नमुन्याचा शोषणांक ०.४७५ आला, तर औषध ४४३ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ८८.६ टक्के भरते आणि तो नमुना अप्रमाणित ठरतो. शोषणांकात फरक केवळ ०.०५ चा, त्यावर एका संपूर्ण बॅचचे भवितव्य ठरते.

प्रकाशाला न दिसणारे

ही पद्धत स्वस्त आहे, झटपट आहे आणि तिच्यावर विश्वासही ठेवता येतो, पण ती सर्वज्ञ नाही. २५७ नॅनोमीटरला प्रकाश शोषणारा दुसरा पदार्थ द्रावणात असला, तर यंत्र त्यालाही पॅरासिटामॉल समजून मोजते. पॅरासिटामॉलच्या विघटनातून ४-ॲमिनोफिनॉल हा अपायकारक पदार्थ निर्माण होऊ शकतो. त्याचा शोध स्वतंत्र चाचणीने घ्यावा लागतो. गोळीत पॅरासिटामॉलबरोबर दुसरे वेदनाशामक असेल, तेव्हा दोहोंचे वर्णपट एकमेकांवर चढतात. अशा वेळी दोन तरंगलांबींवर मापन करून समीकरणे सोडविणे हा एक मार्ग; परंतु अलीकडे बहुतेक ठिकाणी उच्च कार्यक्षमतेच्या द्रव वर्णलेखनाने, म्हणजे एच.पी.एल.सी. यंत्राने, घटक आधी वेगळे करतात. वेगळे झाल्यावर तेही बहुधा जंबुपार प्रकाशानेच मोजले जातात.

गोळीत औषध पुरेसे असूनही ती पोटात विरघळलीच नाही, तर उपयोग काय? त्यासाठी विद्राव्यतेची चाचणी वेगळी असते. शरीराच्या तापमानाच्या द्रवात गोळी ढवळत ठेवून, ठरावीक वेळात किती औषध द्रवात उतरले, हे पुन्हा प्रकाशशोषणानेच मोजता येते.

सर्वांत गंभीर मर्यादा आणखी वेगळी आहे. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यानंतर चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. या प्रकरणाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमण्यात आला आणि महाराष्ट्रातील औषध तपासणीच्या व्यवस्थेवर त्याने प्रखर प्रकाश टाकला. १९९० च्या दशकाच्या आरंभी बांगलादेशात हेच विष असलेल्या पॅरासिटामॉलच्या सिरपमुळे अनेक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावली. डायएथिलीन ग्लायकॉल २५७ नॅनोमीटरला प्रकाश शोषत नाही. अशा सिरपमधील पॅरासिटामॉल प्रकाशाने मोजले, तर ते अगदी शंभर टक्के भरू शकते. औषध किती आहे, या प्रश्नाचे उत्तर यंत्र देते. दुसरे काय आहे, हे त्याला विचारलेलेच नसते आणि ते आपण होऊन सांगत नाही. म्हणून औषधकोशात एका औषधासाठी एकच चाचणी नसून ओळख, अशुद्धी, विद्राव्यता व प्रमाण अशा निरनिराळ्या चाचण्या असतात. वेळ वाचविण्यासाठी त्यांतील एखादीच करून अहवाल देणे म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवण्यासारखे आहे.

अहवालानंतर

शासकीय विश्लेषकाचा स्वाक्षरी केलेला अहवाल हा न्यायालयात त्यातील वस्तुस्थितीचा पुरावा मानला जातो. तो मान्य नसल्यास संबंधिताने प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत तसे लेखी कळवावयाचे असते. अशा वेळी न्यायालय आपल्याकडील मोहोरबंद भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे पाठवू शकते आणि तेथील अहवाल निर्णायक ठरतो.

ग्रामपंचायतींच्या सदस्यांना आणि शिक्षकांना एक तरतूद विशेष उपयोगी पडेल. अधिनियमाच्या कलम २६ नुसार कोणतीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, स्वतः विकत घेतलेले औषध विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासणीस देऊ शकते आणि त्याचा अहवाल मिळविण्याचा तिला हक्क आहे. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात याबाबत विचारणा करता येते. अर्जासोबत खरेदीची पावती असावी आणि गोळ्या मूळ वेष्टनातच असाव्यात. एखादी बॅच अप्रमाणित ठरली की ती परत मागविली जाते, तेव्हा उपकेंद्रातील वा शाळेतील साठा त्याच बॅचचा आहे किंवा कसे, हे केवळ वेष्टनावरील क्रमांकावरूनच ओळखता येते. पट्टीतून गोळ्या कापून देताना ज्या टोकास बॅच क्रमांक व मुदतीची तारीख छापलेली असते, ते टोक शेवटची गोळी संपेपर्यंत राखून ठेवावे.